सोळा तासांची थाप

अव्वा, माझे आई, तुला जाऊन इतकी वर्सं झाली, पण आज तुझ्यापुढं मान वर करवत न्हाई. ह्या वर्सी बेळगावला लेकीकडं दोन म्हयनं ऱ्हायले आन् सगळे दात काढून कवळी बसवून आले. गावात कुणाला कळू दिलं न्हाई. नवरा गेला तरी माझी ऐट गेली न्हाई, तुला ठाऊकच हाय. दातच न्हाईत म्हटल्यावर दोन म्हयनं नुसती पेज नि ताक. अंग असं उतरलं की चोळी ढिली झाली. आपल्या गुंद गावात परत आले तशी शेजारची धाकटी जाऊ मला वरखाली बगतीया. "अक्का, कशा वो इतक्या हलक्या झालासा? आमालाबी सांगा की!" दाताचं सांगायला जीभ वळंना. लेकीच्या फोनात कोण एक बाई बोलत हुती, तेच ठोकून दिलं. "सोळा तास उपाशी ऱ्हायाचं, उरलेल्या आठांत जेवायचं. वजन उतरतंय, काळीजबी शेवटपातूर ठणठणीत. बग की माझ्याकडं! कोण म्हणंल ही तिघांची आज्जी हाय?"

तिला बीपीची गोळी, साखरेची गोळी. मला म्हाईत हुतं, अव्वा. तरी ती सकाळची न्याहारी सोडाय लागली, आन् मला गंमत वाटाय लागली. ती अकरा वाजायची वाट बगत दारात बसलीया, आन् मी आत चुलीपाशी पेज नि लोणचं खातीया, भांडं वाजू न देता. वर बाहेर येऊन तिलाच चिडवायची, "तोंड एवढंसं का गं? सासूची आठवण आली?"

तवा तरी तू आठवायला पायजे हुतीस. उळवीच्या जत्रंला तू आमा दोघी भैणींना उपास धरायला लावलास. मी बैलगाडीमागं लपून चुरमुरं खाल्लं, आन् धाकट्या भैणीला सांगितलं, खाल्लंस तर तोंड वाकडं व्हईल. ती उन्हात भोवळ यून पडली. तू मला मारलं न्हाईस. तिच्या तोंडाला पाणी लावत म्हणालीस, "खाल्लंस त्याचं काय न्हाई. तिला उपाशी ठेवून हसलीस, ते वंगाळ." तू सोता जन्मभर सोमवार करत ऱ्हायलीस, आन् काळजाच्या दुखण्यानंच गेलीस. उपासानं गेलीस असं न्हाई म्हणत मी. पण उपासानं काळीज ठणठणीत ऱ्हातंय, हे मी तरी कुठल्या तोंडानं सांगावं?

तिसऱ्या आठवड्यात जाऊ भात लावताना चिखलात बसली ती उठंनाच. घामानं चिंब, हात थरथरत्यात. जीपमधनं दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी घेतली आणि पोट रिकामं ठेवलं, म्हणून साखर खाली गेली. हे कुणी सांगितलं?" जाऊनं माझं नाव घेतलं न्हाई. मीच हळूच विचारलं, "काळजाला चांगलं असतंय म्हणं?" त्या म्हणाल्या, "काहींचं वजन उतरतं, रक्तदाब थोडा सुधारतो. पण वर्षानुवर्षं केलं तर हृदयाला बरं का वाईट, हे अजून नक्की कुणाला सांगता येत नाही. गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय करायचंच नाही."

आता बरी हाय ती. काल खरं सांगायचं म्हणून गेले, तर बायका बगायला आलेल्या. एकीनं विचारलं, "मग अक्कांना कसं काय झालं न्हाई?" जाऊच माझ्या बाजूनं बोलली, "त्यांचं अंग कसदार, माझंच मेलं नाजूक. जरा ताकद येऊ दे, परत धरते. हळूहळू सवय व्हईल अक्कांगत." सगळ्या माझ्याकडं बगायल्यात. दात काढले, एवढंच म्हणायचं हुतं गं. आन् मी म्हणाले, "घाई करू नको."

हा कागद कुठं धाडायचा न्हाई. सांगायचं तिला हुतं. तुला सांगून बसले, कारण तू तिला सांगणार न्हाईस.