बोअरच्या शिशावर बॉयलरची राख

४ जानेवारी, सकाळी ६.२०
लेकीचा फोन. सातवा महिना लागला. बाळंतपणाला आमच्याकडेच यायचं म्हणते, पण अट एकच. आमच्या बोअरच्या पाण्यात शिसं निघालंय, ते आधी गेलं पाहिजे. पोटातल्या बाळाला वाईट. रिपोर्ट लिटरला ०.०४ मिलिग्रॅम, चालतं ०.०१. जावई म्हणतो, विकतचे कॅन लावा. इंजिनिअर ना, दुसरं काय सुचणार! तीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर घासली मी. बॉयलरची राख शिसं धरून ठेवते. नातवंड आजोबाच्या हातचं शुद्ध पाणी पिईल. संकल्प!

९ जानेवारी
दोन गोणी राख आणली. ड्रममध्ये खाली रेती, वर राख. हिने विचारलं, ड्रम स्वयंपाकघरातच का? मी ड्रमला तोटी बसवायला घेतली.

१६ जानेवारी
ड्रमच्या पाण्याचा रिपोर्ट ०.००४!! लेकीला फोन लावला. उचलला जावयाने. म्हणे, महिनाभर चालवून पुन्हा तपासा. पोटदुखी, दुसरं काय.

२२ जानेवारी
हिची कुरकुर. पाणी साबणासारखं लागतं, चहा काळाकुट्ट होतो. राखेच्या खारामुळेच शिसं धरलं जातं, पण हिला कोण सांगणार? कॅन आणून पिते. मी एकटाच ड्रमचं पितो. पिकतं तिथे विकत नाही.

२५ जानेवारी, दुपारी
उपाय सापडला. ड्रममध्ये रोज दोन चमचे लिंबूसत्त्व. चव झकास! हिने अख्खा पेला संपवला आणि चक्क बरं आहे म्हणाली. कॅन बंद.

८ फेब्रुवारी
लेक वीस तारखेला येणार. नमुना पुन्हा लॅबमध्ये दिला. गरज नव्हती. जावयाचं तोंड बंद व्हावं म्हणून.

१४ फेब्रुवारी
०.३१. लॅबचं मशीन बिघडलेलं दिसतंय.

१५ फेब्रुवारी
मशीन ठीक आहे. लॅबच्या बाईंनी विचारलं, ड्रममध्ये आंबट काही घालता का? राखेने धरलेलं शिसं आंबटाने सुटतं म्हणे. तत्त्व माझं बरोबरच होतं. फक्त लिंबूसत्त्व... तेही हिच्या चवीपायीच ना.

१७ फेब्रुवारी
दोघांचं रक्त तपासायला दिलं. तीन आठवडे ही माझ्या शब्दावर ते पाणी प्यायली. घरी येऊन आधी कॅनवाल्याला फोन लावला. भांडली असती तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी
लेक आली नाही. सासूकडेच राहणार. जावई येऊन हिलाही घेऊन गेला. मला चला म्हणाला, पण चपला घालता घालता. राखेला कारखाना हात लावत नाही, कचरागाडीही नेत नाही. ड्रम आहे तिथेच.

९ एप्रिल
मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोन जावयाने केला. बघायला कधी येऊ, विचारलं. केव्हाही या म्हणाला. फक्त येताना घरून खायला-प्यायला काही आणू नका, असं सासूबाईंनी सांगितलंय.

सासूबाई म्हणजे आमची ही.