फडक्यातली कळलावी

तळा, १८ जानेवारी

चि. सौ. क्रांतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, उचललास तर नुसतं ‘हं’ म्हणतेस. म्हणून कागद घेतला. बाबा हसले, म्हणाले आता ही तलाठी व्हायची. वाल बरा धरलाय. म्हैस दूध चोरते. हट्टी आहे, तुझ्यासारखी.

एक विचारायचं होतं. तुझ्या बाळंतपणासाठी दिवाळीआधी रानातून कळलावीचा कंद काढून ठेवला होता. वेल वाळला की जागा सापडत नाही. कळा अडल्या तर येसूबाई सुईण तो उगाळून तळपायांना लावते आणि बाळ येताच धुऊन टाकते. तुझं सगळं दवाखान्यात झालं, आणि कंद अजून चुलीवर फडक्यात लटकतोय. मोकळी झालेली बाई तो आपल्या हाताने परत रानात लावते. पण आपलं बाळच जन्मताना गेलं. आता काय करायचं, मला कळत नाही.

जेवत जा. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी आई

मांडवा, २७ जानेवारी

ती. आईस,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी बरी आहे. सुजित सकाळी जेट्टीवर कामाला जातो, संध्याकाळी येतो. मधे मी खिडकीशी बसते. बोटी येतात, जातात. दूध आटलं. रडू येत नाही म्हणून शेजारणी कुजबुजतात, त्याचंही काही वाटत नाही.

कंदाचं एवढं काय? रविवारी सुजित तिकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठव. माझ्याकडे राहू दे.

बाबांना नमस्कार. माया असू दे.
तुझी क्रांती

तळा, १ फेब्रुवारी

चि. सौ. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

कंद पाठव हे वाचून आधी तो फडक्यासकट पेटीत कुलपात ठेवला. तो विषारी आहे हे तुला ठाऊक आहे; लहानपणी त्याला हात लावलास म्हणून मी तुला बदडलं होतं. मला वाईट शंका आली, ती सरळ लिहिते. खोटी असली तर आईला खुळी म्हण. खरी असली तरी मी रागावणार नाही.

कंद पाठवत नाही. सुजितरावांना सगळं सांगितलंय. त्यांच्या हाती हे पत्र देते. ते तुला आधी डॉक्टरीणबाईंकडे नेतील, मग इकडे आणतील.

येसूबाईलाही विचारलं, की मांडी रिकामी राहिली तर कंद लावायचा कुणी? ती माझ्यावरच खेकसली. पोर बाळंतीण झालीच हाय, तिनंच लावायचा, म्हणाली. आपण दोघी मिळून लावू.

वाट बघतेय. रुसलीस तरी ये.
तुझी आई

मांडवा, २४ ऑगस्ट

ती. आईस,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांनी फोटो पाठवला. आपण लावलेला वेल करवंदीवर चढून फुललाय. गोळ्या चालू आहेत. अजून पुष्कळ दिवस काहीच वाटत नाही, तू विचारशीलच म्हणून सांगते. आणि तुझी शंका खरी होती. तेव्हा बोलता आलं नाही.

काल फोटो बघून मात्र रडले. सुजित घाबरला, मग तोही शेजारी बसून रडला. भात करपला.

यंदा गौरीला तीच फुलं ने. बायका विचारतील वेल कुणी लावला. बाळंतिणीने लावलाय म्हणून सांग.

लोभ मागायला लाजत नाही आता.
तुझी क्रांती