मोडक्या बरगड्या आणि तुमच्या मातोश्री

सोनई, मार्च १९७१

रा. रा. आबासाहेब यांस कारभारीचा उताणं पडूनच नमस्कार (अजून वाकता येत नाही). तुमची, वहिनींची आणि उसाची तब्येत ठीक असावी.

कडब्याच्या गाडीवरून मी खाली आलो, हे कळलंच असेल. बैलांची चूक नाही. पेंढ्या रचता रचता मी मागे सरकलो आणि मागे गाडी संपली होती. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या गेल्या. तुमच्या मातोश्री इथेच होत्या. त्यांनी हळद लावून मला आपल्या लुगड्याने असं आवळलं, की नगरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुखणं कमी झालं आणि श्वास त्याहून कमी. (थोरल्या डॉक्टरांनी ते सोडलं, तेव्हा मातोश्री रुसल्या.)

तिथे दोन मतं पडली. धाकटे डॉक्टर म्हणाले, छाती उघडून बरगड्या तारेने बांधू. थोरले म्हणाले, त्या आपोआप जुळतील. दुखणं मारायचं इंजेक्शन देऊ, याने नुसतं खोकत राहावं. कफ साचला तर मात्र कापावं लागेल. पण मोडक्या बरगड्यांनी खोकायचं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. मी उशी छातीशी धरून नुसता खाकरायचो.

तुमच्या मातोश्री पडल्या माझ्या सासूबाई, आणि सासूबाई जावयाशी समोर बोलत नाहीत, हे तुम्ही जाणताच. पदर ओढून भिंतीला सांगायच्या, "मुक्ते, त्यास्नी म्हनावं, खोका." (तुमची बहीण तिथे नसली तरी हेच.)

मग ताप चढला, श्वास पुरेना. थोरले डॉक्टरही म्हणाले, आता कापू. मुक्ता दारात रडत होती. सासूबाई उठल्या, पदर मागे टाकला, मला धरून बसवलं. "कारभारी, हिकडं बघा. माझ्या लेकीला रडवू नगा. खोका."

त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदाच ऐकलं. दुखण्यापेक्षा भीती मोठी झाली. असा खोकलो, की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. साचलेलं सगळं बाहेर पडलं, तरी त्या थांबू देईनात. दुपारी थोरल्यांनी छाती तपासली आणि कापणं रद्द केलं. धाकटेही मनापासून हसले. इंजेक्शनं तेच देत होते, त्यांचेही उपकार आहेत.

घरी आल्यावर सासूबाई पुन्हा भिंतीशी बोलू लागल्या. मग मीही भिंतीलाच म्हणालो, "मुक्ते, त्यांना सांग, मी जगलो तो त्यांच्यामुळं." डोळे मात्र भिंतीने पुसले नाहीत.

आपला,
कारभारी

ता. क. – रविवारी मातोश्रींना न्यायला येताय असं कळलं. जेवायला जरूर या. परत एकटेच जा.

आणखी ता. क. – मुक्ताला त्यांची मदत लागते, असं कारण लिहिणार होतो. तसं काही नाही. मलाच करमणार नाही.