काठोकाठ वाटी

बाबा,

बिश्केकची पहिली व्हॅन गाठायची होती, म्हणून उठवलं नाही. चहाच्या समोवारमधली राख काढलीय. गुडघ्याचं मलम खिडकीत आहे. नुसतं बघत बसू नका, लावा.

काल माझा अंदाज चुकला आणि असिलबेककाकांची चहाची वाटी काठोकाठ भरली. आपल्याकडे पाहुण्याला ‘प्या आणि निघा’ म्हटल्यासारखंच झालं ते. काका टोपी उचलून उठलेसुद्धा. तेव्हा तुम्ही म्हणालात, “बस रे. पोरगी पहिल्यांदाच चहा ओततेय, शिकेल.”

मी मुलगी म्हणून राहायला लागले त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात तुम्ही मला जुन्या नावाने हाक मारली नाहीत, नव्यानेही नाही.

रविवारी येतेय. तुमची वाटी अर्धीच भरणार आहे. पुन्हा पुन्हा मागावी लागेल.

चिनारा