देवळीची उंची

सौ. मनकर्णा हिस, अहमदाबादहून आशीर्वाद.

मी सुखरूप पोचलो. आपली निकिता बरी आहे, जरा वाळली आहे. तिला कामावरून कुणी काढलेलं नाही. घरांचे नकाशे काढायचं ऑफिस तिनं स्वतःच बंद केलं आणि आता कॉलेजात संशोधन करते. मी विचारलं, "एवढं शिकून नुसतं वाचत बसणार का?" तर म्हणाली, "अप्पा, आपली माणसं घर असं का बांधतात, ते शोधायलेय."

मला फार उमगलं नाही. मग तिनं आपल्या चारठाण्याच्या घरातल्या दिव्याच्या देवळीचं विचारलं. गवंड्यानं ती तुझ्या हाताच्या मापानं ठेवली आणि ठेंगणी झाली म्हणून मी त्याच्याशी भांडलो, ते सांगितलं. तिनं शब्दन् शब्द लिहून घेतला. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

तुझा गुडघा कसा आहे? गाईला वेळेवर पाणी दाखव.

निकिताला देवळीची उंची हवी आहे, म्हणून सोबत सुतळी ठेवली आहे. जमिनीपासून देवळीपर्यंत धरून गाठ मार आणि पाठव. स्टुलावर चढू नको, असं लिहिणार होतो. पण देवळी तुझ्याच हाताला येते.

आश्रुबा