सहावी ओळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

बघायला नको होतं. बघितलं!

आयटीवाला जेवायला गेला होता आणि त्याचा स्क्रीन उघडा होता. आमच्या वर्तमानपत्राच्या शब्दखेळाची नोंद समोरच होती. कोणी किती वाजता कोणता शब्द टाकला, सगळं ओळीने. मला खरं तर एवढंच बघायचं होतं की कालचा 'विहीर' किती जणांना सुटला. रोजचा शब्द मी निवडते, तेवढा हक्क आहे की मला. तीन अक्षरी शब्द, ओळखायला सहा ओळी. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, जागा चुकली तर पिवळं, अक्षर बरोबर पण वेलांटी-उकार चुकला तर निळं. निळा रंग ही माझी कल्पना. त्यावरून बाबांनी केवढं तोंडसुख घेतलं होतं! "चूक ती चूक. निळी चूक काय असते?"

तर खाली जाता जाता 'उपान्त्य' दिसला. हे बाबाच. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, खेळायला नाव घेतलं तेही व्याकरणातलं — शेवटून दुसरं अक्षर! दुसऱ्या कोणाला सुचणार नाही.

उपान्त्यच्या कालच्या ओळी — टाचणी. शीवण. टाचणी. विहिर. टाचणी. आणि सहावी — विहीर.

'शीवण'. 'विहिर'. बाबांनी लिहिलं हे!

दुकानाची पाटी चुकलेली दिसली की आत जाऊन मालकाला सांगणारा माणूस. शाळेत असताना मी तापाच्या रजेची चिठ्ठी लिहिली, तर कपाळाला हात लावून बघायच्या आधी यांनी त्यातले दोन ऱ्हस्व दीर्घ केले होते. आणि टाचणी चुकली हे कळल्यावर पुन्हा टाचणी? आणि पुन्हा?

आयटीवाला परत आला. "हे तुम्ही बघायचं नसतं," म्हणाला. मी म्हटलं, मला कुठे काय कळतंय त्यातलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा बघितलं. तो चहाला गेल्यावर.

जानेवारीच्या मध्यापर्यंत उपान्त्य तिसऱ्या ओळीत सोडवत होता. 'कुटुंब' दुसऱ्या ओळीत! नंतर एकदम हे. रोज पाच ओळी भलत्याच आणि सहावी बिनचूक. पहिल्या पाचांना अर्धा-पाऊण तास लागतो. सहावी चार सेकंदांत येते.

म्हणजे आत कुठेतरी जुने बाबा शाबूत आहेत. धडपडत, चाचपडत शेवटी पोचतात. मला वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. सरळ विचारायचा धीर झाला नाही. म्हटलं, "बाबा, 'जमीन'मधल्या 'मी'ची वेलांटी पहिली की दुसरी?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग आईने फोन घेतला. "जेवलीस का गं?" हो म्हटलं. बाबा बरे आहेत ना, विचारलं. "त्यांना काय धाड भरलीय! तू जेवलीस का?" हो गं बाई, जेवले. ठेवता ठेवता पुन्हा तेच. आईचा आपला एकच प्रश्न, जग बुडालं तरी.

ती आहे म्हणून निभावतंय.

९ फेब्रुवारी, सोमवार

दादाला सांगितलं. त्याचं शहर लांब, त्याची काळजी त्याहून लांब — असं मला नेहमी वाटतं. पण आज त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खेळात तर चुकलेत. त्यात काय?"

मी म्हटलं, "बाबा 'विहिर' लिहितात. पहिली वेलांटी. दादा, बाबा!"

मग त्याला कळलं. दुसऱ्या घरात हे सांगितलं असतं तर हसले असते. आमच्या घरात एका वेलांटीवर माणूस ओळखू येतो.

रविवारी येतो म्हणाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

मी काय करतेय हे मलाच कळत नाहीये. परवापासून सोपे शब्द ठेवतेय. 'सकाळ'. 'गवत'. आज 'बदक'! एका माणसासाठी हजारो लोकांना बदक.

वाचकांचे निरोप धडाधड. "शब्द पोरकट झालेत." "शब्द निवडणाऱ्यांच्या घरी लहान मूल आहे का?" संपादकबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांना आता खेळाची भावंडं हवीत. एक फक्त जोडाक्षरांचा, एक चार शब्द एकदम शोधायचा, एक नकाशावरून देश ओळखायचा. आयटीवाल्याने तर पक्ष्यांच्या आवाजाचा खेळ करून ठेवलाय, दिवसभर हेडफोन लावून टिटवी ऐकत बसतो. "आणि तुम्ही बदकावर अडलात!" बाई म्हणाल्या.

सुधारते म्हटलं. जागेवर येऊन बसले, उठले, पाणी प्यायले, परत बसले. पाय नुसते हलत राहतात. शेजारचीने शेवटी टेबलाखाली हात घालून माझा गुडघाच धरला.

उपान्त्यला 'बदक' सहाव्या ओळीत सुटला. आधीच्या पाच — बटण, अस्तर, टाचणी, बटण, टाचणी. सगळे शिवणाचे शब्द. आईचं मशीन खिडकीत आणि बाबांची खुर्ची त्याला लागून. आयुष्यभर तिची बडबड कानावर पडली, डोक्यात तेवढंच उरलं असणार.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ठरवलं. उद्याचा शब्द 'टाचणी'. बाई काय बोलायचं ते बोलोत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्या ओळीत! तिन्ही अक्षरं हिरवी!

दहा चाळीसला. एकच ओळ. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून दोन येरझाऱ्या घातल्या.

दहा मिनिटांत बाबांचा फोन. "आजचा शब्द तू मुद्दाम ठेवलास?"

सहज सुचला, मी म्हटलं. मग घसा खाकरून म्हणाले, "फार बरं केलंस. आई टाळ्या वाजवत होती इथे."

बिचारी. नवऱ्याला एक शब्द सुटला तर टाळ्या वाजवायची वेळ आली तिच्यावर. बाबांना विचारावंसं वाटलं, तुम्हाला कसं कळलं मी तुमच्यासाठी ठेवला? म्हणजे आपलं काय होतंय हे त्यांना ठाऊक आहे. मला दुपारभर काही सुचलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज घरी. दादा सकाळच्या गाडीने आला.

बाबा दिसायला अगदी नेहमीसारखे. दाढी केलेली, सदऱ्याला पेन. बोलतानाही कुठे अडखळत नाहीत. पण मला आता प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. आईकडे बघून त्यांनी तीनदा विचारलं, "तू बसतेस का जरा?" तीनदा! दादाने माझ्याकडे बघितलं.

आई छान. हसत होती, आम्ही म्हणू त्याला हो म्हणत होती. मशीनवर कव्हर घातलेलं दिसलं. सगळ्या गल्लीचे कपडे शिवणारी बाई, तिचं मशीन बंद? बाबाच मध्ये बोलले, "डोळे दुखतात तिचे." यांच्यामागे धावून धावून तिला वेळ तरी कुठे होणार!

जेवणानंतर दादाने विषय काढला. आमचं आधीच ठरलं होतं. गॅस, किल्ल्या आणि गोळ्यांचा डबा आईकडे. डबा सात वारांचा आहे, प्रत्येक वाराला सकाळ-संध्याकाळचा खण. बाबांची त्यात एकच गोळी, बाकी सगळ्या आईच्या, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या. आजवर तो बाबा भरायचे. ज्यांना टाचणीच्या पुढचं आठवत नाही त्यांच्या हातात आईच्या साखरेच्या गोळ्या!

"डबा माझ्याकडे राहू दे," बाबा म्हणाले.

"का पण?"

"राहू दे म्हटलं ना!" टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला कलंडला. आमच्या जन्मात त्यांनी कधी मूठ आपटली नव्हती. चुकलेल्या पानावर लाल रेघ ओढायचे, बस.

दादा हळूच म्हणाला, "चिडचिड. हे असतंच त्यात. वाचलंय मी."

आई म्हणाली, "द्या हो. मुलं एवढी सांगतायत तर." आणि डबा मांडीवर घेऊन बसली. खूश दिसली. झाकणं उघडून मिटून बघत होती.

बाबा पुसत राहिले सांडलेलं पाणी. कोरडं झाल्यावरही पुसत होते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

वाईट वाटतंय. पण बरोबर केलं. बरोबरच केलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली, मंगळवारची. बाबांना फोनवर सांगितलं. वाटलं, अंगावर येतील. तर म्हणाले, "चालेल. मलाही त्यांच्याशी बोलायचंच आहे. आईला बरोबर घेऊ."

"आई कशाला? ती दमेल. तपासणी तुमची आहे, सहल नाही."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "तू म्हणशील तसं. तिच्यासमोर वाद नको."

तिच्यासमोर वाद नको म्हणे! आईशी भांडायला या घरात कोण बसलंय?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा शब्द 'तारीख'. उपान्त्य — बटण, तारिख, बटण, कातर, बटण. सहावी — तारीख.

दुसऱ्या ओळीत फक्त वेलांटी राहिली होती. निळा चौकोन समोर चमकत असणार. पुढची ओळ कोणीही बरोबर लिहिली असती. ती सोडून बटण!

नोंदीचं पान मिटवून टाकलं. पुन्हा बघायचं नाही. स्वतःच्या बापाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटतं. (संध्याकाळी निघताना पुन्हा बघितलं.)

२२ फेब्रुवारी, रविवार

संपादकबाई म्हणतात, निळा रंग काढून टाकूया, लोक गोंधळतात. काढा. मलाही नको झालाय तो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उद्या. कपाटातले कपडे काढून परत तसेच रचले. दादाचे चार फोन. "निदान काय झालं की लगेच कळव." बाबांचाही एक फोन — "तासाभरात परत येऊ ना आपण?" हो म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच — "तासाभरात नक्की ना?" डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींच्या यादीत हेही लिहून ठेवलं. तेच तेच विचारतात.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मोबाईलवर नोंद उघडली. आयटीवाल्याने पासवर्ड देऊन टाकलाय, रोजच्या कटकटीला कंटाळून. बाबा शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर. फोन घरी ठेवून आले होते — "तिच्याजवळ असू दे."

आणि उपान्त्य खेळत होता! त्याच क्षणी. बटण. बटण. बटन. अस्तर. बटण. सहावी ओळ येईना.

बाबांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं. "पाच ओळी तिच्या, सहावी मी भरतो," म्हणाले. "तिला वाटतं, तिलाच सुटला. तुम्ही मला वेडा ठरवलंत, मला चाललं. आपणच चुकतोय हे तिला कळलं असतं तर ती कोणाला तोंड दाखवू शकली नसती." सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता. डॉक्टरांना दाखवायला, आईच्या चुका, तारीखवार.

आणि गोळ्यांचा डबा आम्ही तिच्याच हातात दिला होता. नंबर पुकारला तेव्हा आम्ही रस्त्यावर पळत होतो.

आई खिडकीशी होती, घामाने निथळत, मांडीवर डबा. आता वॉर्डात आहे. एकदम उतरलेली साखर हळूहळू वर येतेय. वाचली, म्हणतात.

आज मंगळवार. डब्यातला येत्या शुक्रवारचा खणही रिकामा होता.