याडीची फाईल

४ एप्रिल, शुक्रवार
पेन ड्राइव्ह सापडला. कपाटात, विम्याच्या कागदांखाली. शाळा सुटल्यावर ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला. फाईल आहे. उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कचरा. इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, मधेच पाव-अर्ध्याची चिन्हं. याडी जाऊन सहा वर्षं झाली आणि आईची गाणी आज ही अशी दिसली. माऊस आपटला. शिपाई बघत होता.

शेवंताला फोन केला. बहिणीला एवढंच म्हटलं, सापडली. कचरा दिसतो हे नाही सांगितलं. तिच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ४ मेला. निघताना नवरीनं आईच्या, मावशीच्या गळ्यात पडून म्हणायचे ढावलो आता आमच्या बंजारा तांड्यावर कुणालाच पूर्ण येत नाहीत. याडीला यायचे, अकराच्या अकरा.

५ एप्रिल, शनिवार
यवतमाळ. स्टँडजवळचा कॉम्प्युटरवाला फाईल बघून हसला. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. म्हणे, "जुना फॉन्ट आहे भाऊ, आता कोनाकडंच नसते. युनिकोडमधी पुन्हा टाइप करून आना." कशावरून करू, ते नाही सांगितलं. मग त्यानंच नेटवरून तसलाच दिसणारा एक फॉन्ट उतरवून टाकला. अक्षरं मराठी झाली, पण निम्मी भलतीच. कचरा निदान कचरा तरी दिसत होता. हे म्हणजे याडीच्या तोंडी कुणीतरी काहीही घातल्यासारखं. नको म्हटलं आणि उठलो. परतीच्या एसटीत नेरपर्यंत उभा. बरंच झालं, बसायची लायकी नव्हतीच माझी.

९ एप्रिल, बुधवार
फॉन्ट बदलून देणाऱ्या तीन वेबसाइट झाल्या. एकीनं सगळ्या वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे टाकली. ज्यानं कुणी हे फॉन्ट काढले त्यानं प्रत्येक दुकानाला वेगळा दिला, आणि मग दुकानंही बंद झाली. कुणाला विचारायचं?

शेवंताचा फोन. "दादा, प्रिंट काढली का?" उगाच खेकसलो तिच्यावर.

खरा राग कुठला ते लिहूनच टाकतो. कागद होता. छापलेली एकच प्रत. मी आणून याडीच्या हातात दिली, स्वतः कधी उघडली नाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवायची. ती गेली तेव्हा शेवंतानं प्रत सरणावर तिच्या उशाशी ठेवली. काका म्हणाले, अरे, काढून घ्या ते. तेव्हा मीच म्हणालो, "राहू द्या, कॉम्प्युटरमध्ये आहे." सगळ्या तांड्यासमोर. शाळेत क्लार्क ना मी, मला कळतं सगळं.

१२ एप्रिल, शनिवार
निर्मलाताईंकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला लिहू. फाईल त्यांनीच टाइप केलेली. तेव्हा नेरला त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मी याडीला गाणी सांगायला सकाळी तिथं सोडलं आणि संध्याकाळी घेऊन आलो. आता तिथं मोबाईलचं दुकान. ताई घरीच असतात, गुडघे गेलेत.

कचऱ्याची प्रिंट पुढे टाकली. असला कसला फॉन्ट वापरला, वगैरे बोललो. त्या म्हणाल्या, "माह्यावर कायले चिडून राह्यले?" आणि कागद बघत बसल्या. बघता बघता त्यांची बोटं खाटेच्या कडेवर चालायला लागली.

"हे तं माहे बोटं आहेत," म्हणाल्या.

तेव्हा कॉम्प्युटरवरही टायपिंग मशीनसारखंच शिकवायचे. त्याच जागी तेच अक्षर. म्हणजे कागदावरचं इंग्रजी अक्षर फक्त एवढंच सांगतं, की ताईंनी कुठली कळ दाबली. त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या मराठी मशीनवरचं फडकं काढलं. मी एकेक इंग्रजी अक्षर वाचायचं, कॅपिटल असलं की "वरचं" म्हणायचं. त्या डोळे मिटून मारत होत्या. पहिला शब्द उमटला, याडी. मी रडलो. राग गेला नाही, पण रडलो.

म्हटलं, ताई, तुम्हाला आमची गोरबोली कळायची? "एक अक्षर नाही. त्या म्हनत गेल्या, मी मारत गेली."

२० एप्रिल, रविवार
चार ढावलो झाले. रिबन फिकी, शाई लावून चालवतोय. पाव-अर्ध्याच्या चिन्हांना मशीनवर कळच नाही, तिथं जागा सोडतो. मी घाई करत होतो तर ताईंनी मशीन थांबवली. "हळू वाचा. तुमची आई हळू बोलत होती." पुढची ओळ एकेक अक्षर थांबत वाचली.

शेवंताला चौथा फोनवर वाचून दाखवला. सोडलेल्या जागा ती आपसूक भरत गेली. म्हणाली, "अन् शेवटचा? निघतानाचा?" तोही येईल म्हटलं.

२७ एप्रिल, रविवार
सातवा संपला. पुढे दोनच ओळी होत्या. वाचल्या, ताईंनी मारल्या. मशीनवरून कागद काढला.

गाणं नाही. याडी स्वतःशीच पुटपुटलेली. ताईंना भाषा कळत नव्हती, म्हणून तोंडातून आलं ते सगळं त्यांनी टाइप केलं. मराठीत मांडतो: घसा बसला. चार राहिले. पोराला सांगते, उद्या परत आणून सोड म्हणून.

फाईल तिथंच संपते.

सांगितलं होतं तिनं. त्याच संध्याकाळी, गाडीवर मागे बसून. मी म्हणालो, सुट्टी लागू दे. मग सुट्टी लागली. मग कधीतरी प्रत छापून आणली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि लुगड्याच्या घडीत ठेवली.

तीन आठवडे फॉन्टला शिव्या घातल्या मी.

ताईंनी विचारलं, काय लिहिलं आहे? म्हटलं, काही नाही, झालं.

२८ एप्रिल, सोमवार
आधीच्यांसारखा सातव्याचा फोटोही काल रात्री पाठवला होता. आज शेवंताचे तीन फोन. तिसरा उचलला. पल्लवीच बोलली. "मामा, मी सात पाठ केले. राहिलेले कवा पाठवता?"

संध्याकाळी येतो म्हटलं, समोरच बसून सांगतो. गाडी काढली. पेट्रोल आहे. अजून अंगणातच उभा आहे.